न उडालेला बार

१

बंदुकीत काहीच बिघाड नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती.

प्रणिता समेळने पुन्हा एकदा करून पाहिलं. रिकाम्या रायफलीचा बोल्ट ओढून बंद केला, नळी वर धरून तोंडातून एक शिसपेन्सिल आत सोडली आणि चाप दाबला. पेन्सिल नळीतून उसळली आणि दुकानाच्या पत्र्यावर ताडकन आपटली. काडतुसाच्या टोपीवर आदळणारी आतली पिन किती जोरात येते, ते बघायची ही तिच्या वडिलांची युक्ती. पेन्सिल उडाली म्हणजे पिन ठणठणीत, आणि पिन ठणठणीत असली की बार उडायलाच हवा.

"आणि त्या पहाटे नाही उडाला," समोर स्टुलावर बसलेली रोहिणी मरवडे म्हणाली.

पेणला मूर्तीवाल्यांच्या आळीत प्रणिताचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान आणि परवाना दोन्ही वडिलांच्या मागे तिच्याकडे आलेले. शेजारच्या कारखान्यांतून उडणारी पांढरी भुकटी दिवसातून दोनदा झटकावी लागे, तेवढा एक त्रास सोडला तर तिला हे काम मनापासून आवडे. पण बंदूक का अडली हे कळलं नाही, तर ती गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायला तिचा जीव होत नसे.

रोहिणी रोह्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. माहेर निडीजवळच्या गावात. बंदूक तिच्या आजोबांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. त्यांच्याकडून ती रोहिणीच्या वडिलांकडे, विठू मरवड्यांकडे आली. दस्त्यावर एका जागी बाप-लेकांच्या गालांच्या घामाने लाकूड काळं पडलं होतं. शिकारीचे दिवस कधीच संपले होते, पण डुकरांपासून पीक राखायला विठूंना वनखात्याची परवानगी होती.

"सहा वर्षं झाली," रोहिणी सांगू लागली. "पौषातली पहाट. वालाच्या शेतात रानडुक्कर शिरलं. बाबा बांधावर बंदूक घेऊन, आणि खाली कृष्णाकाका, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, बॅटरी धरून. बाबांनी चाप ओढला. नुसतं 'टक' वाजलं. डुक्कर वळलं ते थेट काकांच्या अंगावर. काकांचा पाय कायमचा निकामी झाला."

"आणि दोष कोणावर?"

"चंदरमामावर. कातकरी आहे. आमच्या बांधालाच त्याचं घर होतं, बाबांबरोबर लहानपणापासून. आदल्या दिवशी बंदूक त्यानेच पुसली होती. काका दवाखान्यातून ओरडले, चंदरने बंदूक बिघडवली. गावाने तेच धरलं. मामा पोरीला घेऊन गाव सोडून गेला." ती थांबली. "बंदूक तेव्हापासून पोलीस ठाण्यात जमा होती. गेल्या वर्षी बाबा गेले. जाताना एकच म्हणाले, बंदूक कोणाकडून तरी उघडून घे. आता परवाना माझ्या नावावर झाला म्हणून आणली. आणि तुम्ही म्हणता बिघाडच नाही!"

"बंदूक तपासली. अजून उघडली कुठे आहे?"

प्रणिताने बोल्ट बाहेर काढला. बोटभर जाडीची ती पोलादी नळी. तिच्याच पोटात स्प्रिंग आणि पिन असते. तिने मागचा भाग फिरवून सोडवला आणि नाक मुरडलं. आतून खवट वास आला. पिनेच्या अंगावर पिवळसर, चिकट तेलाचा थर होता, आणि त्या थरात लाल कण अडकले होते.

"गंज?" रोहिणीने विचारलं.

प्रणिताने एक कण नखावर घेऊन चिरडला. नखावर लालभडक रेघ उमटली.

"गंज असा रंगत नाही," ती म्हणाली. "मला तुमच्या गावाला यायला लागेल."

२

कृष्णा मरवडे ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. काखेतली कुबडी भिंतीला टेकवलेली. पुतणीबरोबर बंदूक दुरुस्त करणारी बाई आलीय म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ती बंदूक कापून भंगारात टाका. अवलक्षणी हाय. माणूस तर त्याहून."

"चंदर?"

"दुसरा कोण? आदल्या दिशी हातात त्याच्याच होती. आणि दिवाळीत तीच बंदूक मी सोता उडवली. वनखात्याचा माणूस बघाय आलेला, त्याच्यासमोर. कसा खणखणीत बार गेला! दिवाळीला चालते आणि पौषात मुकी होते? कोणी तरी काय तरी केलं म्हणूनच ना?"

बोलता बोलता त्यांनी हात लांबवून कोनाड्यातली बाटली घेतली आणि झोपाळ्याच्या कुरकुरणाऱ्या कडीवर दोन थेंब सोडले. कडी गप्प झाली.

"पण चंदरने असं का करावं?"

"त्याला नदीकडची पट्टी कसायला हवी होती. मी नाय म्हटलं. तो राग." त्यांनी दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला. "काडतूस भिजवलं असंल त्यानं, नायतर पिन घासली असंल. हे बघा, ठेवलंय मी. कोणी इचारलं तर दाखवाय."

त्यांनी झोपाळ्यामागच्या पेटीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत न उडालेलं काडतूस होतं. प्रणिता पुढे सरसावली.

"काका, हे जिवंत आहे अजून! सहा वर्षं उशाशी घेऊन बसलात?"

तिने ते अलगद आपल्या ताब्यात घेतलं आणि उजेडात धरलं. काडतुसाच्या बुडाला मधोमध तांब्याची टोपी असते. पिन जोरात बसली की तिच्यावर खोल खळगा पडतो. पिन घासून आखूड केली असती, तर खळगा पडलाच नसता. काडतूस भिजलेलं असतं, तर खळगा खोल पडला असता, फक्त बार उडाला नसता.

इथे खळगा होता, पण चिमणीने चोच टेकवावी एवढाच.

म्हणजे काडतूस दोषी नव्हतं आणि पिनही आखूड नव्हती. पिन पुढे आली होती, पण रेंगाळत. जणू आतून तिला कोणी धरून ठेवलं होतं.

३

पलीकडच्याच घरात रोहिणीची आई, गिरजाबाई, वाल सोलत बसल्या होत्या. प्रणिता त्यांच्यापाशी खाली बसली आणि दोन शेंगा स्वतःही सोलायला घेतल्या.

"बंदुकीला तेल कोण घालायचं, आई?"

"हेच. दुसऱ्या कोणाला बोल्टाला हात लावू देत नव्हते. पावसाळा सरला की पेणहून बारकी बाटली आणायचे, आणि सगळं पसरून बसायचे इथं. चंदर नळीतून दोरी ओढायचा, वरनं पुसायचा. बस."

"त्या वर्षी?"

गिरजाबाईंचा हात थांबला. "त्या वर्षी राहिलंच. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं ना पनवेलला. डॉक्टर म्हणाले, बारीक काम महिनोन् महिने नको."

प्रणिताने पिशवीतून कापडाची घडी काढली. बोल्टातले लाल कण तिने त्यावर टिपून आणले होते.

"घरात लिंबू आहे?"

रोहिणीने फोड आणून दिली. प्रणिताने कापडावर थेंब पिळला. तिघींच्या डोळ्यांदेखत लाल डाग फिकट झाला आणि पिवळाधमक पडला.

"अगो बाई, ही तर हळद!" गिरजाबाई म्हणाल्या.

"हळदीचं कुंकू. आंबट लागलं की परत हळद होतं. म्हणजे बोल्टात तेल गेलं तेव्हा त्यावर कुंकू होतं. बंदुकीला कुंकू कधी लागतं?"

"दसऱ्याला. पूजेला." गिरजाबाईंनी मान हलवली. "पण त्या दसऱ्याला आम्ही दोघं पनवेललाच होतो गो. घराची, कपाटाची, सगळी चावी कृष्णाभाऊजींकडं दिलेली. पूजा त्यांनीच केली."

रोहिणीने दाराची चौकट धरली. "काकांनी? ताई, तुम्ही काय म्हणताय? ज्या बंदुकीपुढे स्वतः उभं राहायचं, ती माणूस मुद्दाम बिघडवेल?"

"नाही बिघडवणार," प्रणिता म्हणाली. "आणि दसऱ्याला बिघडवली असती, तर दिवाळीत त्यांच्याच हातून उडाली कशी?"



४

चंदर कोलाडजवळ नदीकाठच्या वाडीत राहत होता. दुसऱ्या दिवशी दोघी तिथे पोचल्या तेव्हा तो एका शेतघराचं कुंपण बांधत होता. मजुरीचं काम. रोहिणीला पाहून त्याने हातातली काठी खाली ठेवली, पण पुढे आला नाही. पुढे आली ती त्याची पोरगी, पारी. रोहिणीच्या बरोबरीची, कमरेला पदर खोचलेली.

"आज वाट कशी सापडली गो तुला?"

"पारी, मी..."

"बंदूक वाचवाय आलीस का माणूस?"

रोहिणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. प्रणिता मध्ये बोलली, "बंदूक सांगेल ते ऐकायला आलोय. पण बंदुकीला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं यांना विचारायचंय."

चंदरने हात झटकले आणि प्रणिताला बसायला दगड दाखवला. मग म्हणाला, "सहा वर्षांत हे पयल्यांदा कोणी इचारतंय."

त्याने सरळ सांगितलं. आदल्या दिवशी त्याने नेहमीसारखी नळीतून दोरी ओढली, दस्ता पुसला. बोल्ट उघडला नाही. विठूदादाने कधी उघडू दिलाच नव्हता.

"त्या पहाटे काही वेगळं वाटलं?"

"गारठा लय होता. शेकोटीला बसलो तरी हात वळत नव्हते. दादानं बोल्ट ओढला, तर म्हणाला, आज जड जातोय रे. मी बोललो, तुझा हात गारठलाय."

"दिवाळीत बार उडाला तेव्हा तुम्ही होतात?"

"व्हतो ना. भर दुपारची गोष्ट. घामानं निथळत होतो समदे."

आणखी काही निघेना. पारी निरोप द्यायलाही थांबली नाही. कोलाडला हायवेवरच्या खानावळीत दोघी जेवायला बसल्या, पण रोहिणीने ताट बाजूला सारलं.

"कुंकू सापडलं, खळगा सापडला. तरी मामावरचा आळ आहे तिथेच आहे," ती म्हणाली.

पोऱ्याने फ्रीजमधली सोलकढी आणून ठेवली. पेल्याला बाहेरून दव आलं होतं, आणि गुलाबी कढीवर पांढरे बारीक कण तरंगत होते. प्रणिताने एक कण बोटावर घेतला. मेणासारखा कडक. दुसऱ्या बोटाने चोळला, तसा तो विरघळला आणि बोट तेलकट झालं. तिने बोट नाकाशी नेलं.

पेला तसाच ठेवून ती उठली.

"रोहिणी, तुझ्या काकांच्या कोनाड्यात ती बाटली कसल्या तेलाची आहे?"

५

संध्याकाळी ऊन असतानाच दोघी कृष्णाकाकांच्या ओटीवर हजर झाल्या. गिरजाबाईंनाही बोलावून घेतलं. प्रणिताबरोबर रायफल होती आणि मासळी ठेवतात तसला बर्फाने भरलेला थर्माकोलचा डबा.

"काका, झोपाळ्याला कसलं तेल घालता?"

"खोबरेल. घरचं. कडीला, कुलपाला, शिलाईच्या मशिनीला, समद्याला तेच. का?"

"आणि त्या दसऱ्याला बंदुकीला?"

"घातलं की!" त्यांनी मान ताठ केली. "दादाचे डोळे अधू. पावसाळ्यानं गंज धरला असता. हळदकुंकू वाहिलं, आणि बोल्टाच्या मागल्या फटीतनं चांगलं पोटभर तेल सोडलं. कोणी तरी बघाय नको?"

"बघायलाच हवं," प्रणिता म्हणाली. "आता तुम्ही हे बघा."

तिने बोल्ट साफ करून आणला होता. सर्वांसमोर त्यात काकांच्याच बाटलीतलं खोबरेल सोडलं, बोल्ट बसवला, रिकामी नळी वर करून पेन्सिल टाकली, चाप ओढला. पेन्सिल उडून कौलाला लागली आणि अंगणात पडली.

"ही दिवाळीची दुपार. तेल पातळ होतं, पिन सुटली, बार उडाला."

मग तिने तोच बोल्ट पिशवीत गुंडाळून बर्फात पुरला. वाट बघताना गिरजाबाई पुन्हा पुन्हा डब्याकडे पाहत होत्या. नंतर प्रणिताने बोल्ट काढला, पुसून रायफलीत बसवला. ओढताना तिला जोर लावावा लागला. पेन्सिल सोडली. चाप ओढला.

टक.

पेन्सिल नळीतल्या नळीत जेमतेम हलली. बाहेर आलीच नाही.

"ही पौषातली पहाट," प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, हे घराघरात माहीत आहे. बोल्टातलंही गोठलं. पिन चिखलातून चालावी तशी आली आणि टोपीवर नुसती टेकली. म्हणून तुमच्या काडतुसावर तो उथळ खळगा. उन्हं चढल्यावर तेल वितळलं, त्यामुळे नंतर कोणाला काही दिसलं नाही. चंदरने त्या बोल्टाला हात लावलेला नव्हता, काका. कोणीच काही मुद्दाम केलं नाही."

कृष्णाकाका बाटलीकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "माझ्याच हातानं माझा पाय."

"तुम्ही मायेनं केलंत भाऊजी," गिरजाबाई म्हणाल्या.

"तेल मायेनं घातलं, वयनी. पण दवाखान्यातनं ओरडलो ते मायेनं नाय." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "दादा मला एकदा बोललेला, चंदर असं करणार नाय. मी म्हटलं, तुला भावापरीस तो जवळचा का? त्यावर दादा कधी काय बोललाच नाय."

रोहिणी रडत होती, पण तिने काकांची कुबडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"काका, अजून उजेड आहे. रिक्षा बाहेर उभी आहे."

६

वाडी नदीच्या उताराला होती आणि रिक्षा वरच थांबली. काकांनी कोणाचा आधार घेतला नाही. कुबडी मुरमात रुतत होती, एकदा पाय घसरून ते बसकणच मारणार होते, पण सावरले आणि पुन्हा उतरू लागले. खाली दारात चंदर उभा होता. तो हलला नाही. पारी त्याच्या मागे, हाताची घडी घालून.

निम्म्या उतारावर काका दमून थांबले. मग चंदर वर आला आणि हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

काकांनी सगळं सांगितलं. दसरा, तेल, थंडी, बर्फाचा डबा. काहीच लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. शेवटी म्हणाले, "चंदर, माझा पाय माझ्या हातानं गेला. पण तुझं गाव मी घालवलं. मला माफ कर."

प्रणिताला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर काकांना मिठी मारेल. चंदरने दोन्हीतलं काही केलं नाही. नदीकडे पाहिलं आणि म्हणाला,

"हे इथं बोलून काय उपेग, कृष्णादादा? ह्या नदीनं माझ्यावर आळ घेतला नव्हता. ज्यांनी घेतला त्यांच्यापुढं बोला."

काकांनी खिशातून फोन काढला. रोहिणीने नंबर लावून दिला. पलीकडे गावचे पोलीसपाटील होते.

"पाटील, कृष्णा मरवडे बोलतोय. उद्या सकाळी सगळ्या गावाला देवळापुढं जमवा. मला बोलायचंय. व्हय, चंदरबद्दल. नाय, तक्रार नाय. मी खोटा पडलो, ते सांगायचंय."

"सकाळी नको," चंदर म्हणाला. "माणसं शेतावर असतात. उन्हं कलल्यावर जमवा. समदी पायजेत."

"उन्हं कलल्यावर," काका फोनमध्ये म्हणाले. "आणि एकही घर वगळू नका."

फोन बंद झाला. पारी उतार चढून वर आली आणि रोहिणीसमोर उभी राहिली.

"मी पण येणार. पुढंच बसणार."

"माझ्या शेजारी बस," रोहिणी म्हणाली.

पारीने रोहिणीच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली. चंदरने काकांच्या कुबडीखालचा मुरूम पायाने सारखा केला, एकदा वर रिक्षाकडे आणि एकदा खाली चुलीच्या धुराकडे पाहिलं.

"पारी," तो म्हणाला, "भाकऱ्या वाढव गो. जेवल्याबिगर कोण जाणार नाय."